मोटर शांत झाली, आता नोझलकडे बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

व्हॅक्यूम क्लीनरच्या आवाजाचा विषय निघाला की तुमच्या पेपरासकट सगळे मोटरबद्दलच लिहितात, जमिनीवरून फिरणाऱ्या त्या चपट्या नोझलबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, म्हणून हे पत्र. मी प्रॉडक्ट डिझाइनमध्ये काम करते आणि मला हा विषय खरंच महत्त्वाचा वाटतो, कारण घरात तान्हं बाळ असेल, आजारी माणूस असेल किंवा कानाला श्रवणयंत्र लावणारं कोणी असेल तर हा आवाज नुसता नकोसा वाटत नाही, त्याचा खरोखर त्रास होतो.

आधी डेसिबलचं गणित सांगते. समजा मोटरचा आवाज 70 आणि नोझलचाही 70, तर दोन्ही मिळून 140 होत नाही, 73 होतो. म्हणजे कितीही खर्च करून मोटर अगदी मुकी केली तरी तुम्हाला मिळणार फक्त 3 डेसिबल, आणि एवढा फरक कानाला जेमतेम कळतो. मोटर, पंखा, त्याच्या भोवतीचे रबर यांवर गेली बरीच वर्षं चांगलं काम झालंय हे मान्यच, पण म्हणूनच आता उरलेला आवाज खालून येतोय.

तो का येतो तेही बघा. सेकंदाला 30 लिटर हवा 32 मिलिमीटर व्यासाच्या नळीतून जात असेल तर तिचा वेग साधारण 37 मीटर पर सेकंद होतो, म्हणजे ताशी 130 किलोमीटरच्या वर! एवढ्या वेगाची हवा लांबट फटीतून आत शिरते, लगेच काटकोनात वळते आणि गोल नळीत कोंबली जाते, वाटेत प्लास्टिकची धारदार कड, जोडावरची पायरी, नोझल आणि नळी जोडणाऱ्या फिरत्या मानेतली बारीक फट, जिथे जिथे हवा कडेपासून सुटते तिथे भोवरे होतात आणि आवाज तयार होतो. कडांवर आपटणाऱ्या हवेचा आवाज वेगाच्या सहाव्या घाताने वाढतो (हे 1950 च्या दशकातलं जुनं शास्त्र आहे, नवीन काही नाही), त्यामुळे वेग थोडा कमी केला तरी फायदा मोठा होतो. तीच मान 32 ऐवजी 36 मिलिमीटरची केली तर वेग 30 च्या खाली येतो आणि त्या भागातला आवाज हिशेबाने 6 डेसिबलच्या आसपास उतरतो. फक्त 4 मिलिमीटर! अर्थात वेग फारच पाडला तर वाळू, खडे वर न येता नळीत पडून राहतील, तेवढं भान ठेवायलाच हवं.

इथे बरेच जण म्हणतात की मग फोम भरा. मला हा सल्ला अजिबात पटत नाही. फोमने आवाज नीट शोषायचा तर जाडी आवाजाच्या लहरीच्या पाव लांबीच्या जवळपास लागते, 1000 हर्ट्झला ती साडेआठ सेंटीमीटर होते, एवढं जाड नोझल पलंगाखाली जाणार कसं? शिवाय धुळीच्या वाटेत फोम ठेवला की तो आठवड्यातच बुजतो. त्यापेक्षा आतल्या कडा गोल करा, फटीपासून नळीपर्यंतचा आकार हळूहळू बदलत न्या, जोडावरची पायरी काढून टाका. यात एक मिलिमीटर उंची वाढत नाही, फक्त साचा बनवताना डोकं लावावं लागतं. नोझलच्या कवचात पोकळ कोपरे असतातच, त्यातले एखाद-दोन बारीक तोंडाची पोकळी म्हणून वापरून एखादा ठरावीक कर्कश सूर दाबता येतो, मात्र तोंड धुळीच्या वाटेपासून बाजूला हवं.

सीलचं प्रकरण वेगळंच आहे. नोझल जमिनीला जास्त घट्ट बसवलं की सक्शन वाढलंय असं वाटतं, पण उरलेल्या फटींमधून हवा आणखी जोरात घुसून शिट्टी वाजते, नोझल फरशीला चिकटतं, ढकलता येत नाही, मग माणूस वैतागून हँडलवरची हवेची खिडकी उघडतो आणि आता तिथून फुसफुस सुरू! म्हणून हवा आत यायला मुद्दाम ठेवलेल्या, गोल कडांच्या वाटा हव्यात, कुठूनही गळणाऱ्या फटी नकोत.

बाकी फिरत्या ब्रशचे केस सरळ रांगेत न लावता तिरप्या पट्ट्यांत लावले की सगळे एकदम जमिनीवर आपटत नाहीत, चाकांना मऊ रबर लावलं की फरशीवरची खडखड जाते आणि वरच्या पातळ झाकणाला आतून दोन-चार आधाराच्या उभ्या पट्ट्या दिल्या की ते थरथरत नाही. यातलं काहीच महाग नाही.

आता माझी मागणी. युरोपात 1 सप्टेंबर 2017 पासून घरगुती व्हॅक्यूम क्लीनरला 900 वॅटची आणि 80 डेसिबलची मर्यादा आहे, सोबत धूळ किती उचलली पाहिजे याचीही अट आहे, त्यामुळे नुसतं सक्शन कमी करून मशीन शांत केल्याचं दाखवता येत नाही. हे मला फार आवडलं. पण तिथला आवाजाचा आकडा कार्पेटवर मोजलेला असतो, आणि कडक फरशीवर तेच नोझल वेगळंच गातं. म्हणून तुम्ही जेव्हा मशीनची तुलना छापाल तेव्हा आवाज कार्पेटवरही मोजा आणि फरशीवरही, तोही नोझल लावून, आणि त्याच सेटिंगवर धूळ किती उचलली ते सांगा. त्याच रकान्यात नोझलची उंची मिलिमीटरमध्ये लिहा, नाहीतर कंपन्या नोझल जाड करून डेसिबलचा आकडा खाली आणतील आणि सोफ्याखालची धूळ तशीच राहील.

आपली,
एक नियमित वाचक