तुमची डायरी चौथ्या सत्रात

पुणे,
आषाढातला शेवटचा रविवार

ती. अण्णा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर हे सगळं सांगून होत नाही. अण्णांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेल्या निम्म्यात आई ‘जेवलीस का’ विचारते. म्हणून कागद घेतला. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, चष्मा सापडला नाही ही सबब चालणार नाही.

मागच्या वेळी अण्णा, तुम्ही विचारलंत, “लोकनीतीची पदवी म्हणजे काय? आमच्या वेळचं नागरिकशास्त्रच ना?” मी हसले आणि विषय बदलला. खरं सांगायचं तर तेव्हा मलाच नीट उत्तर देता आलं नसतं. गेले पाच महिने कॉलेजात लोकनीतीच्या, म्हणजे सरकारी धोरणं कशी ठरतात आणि राबतात याच्या, नव्या बी.ए.चा अभ्यासक्रम मांडायचं काम माझ्या गळ्यात आहे. चार वर्षं, आठ सत्रं. पुढच्या महिन्यात अभ्यास मंडळापुढे ठेवायचा, तिथून विद्या परिषदेकडे.

आधी हिशेब सांगते, तो तुम्हाला आवडेल. नव्या शैक्षणिक धोरणात सगळं श्रेयांकांवर, म्हणजे क्रेडिटवर चालतं. पंधरा तास शिकवलं की एक श्रेयांक, प्रात्यक्षिक असेल तर तीस तासांचा एक. एका सत्रात वीस ते बावीस, म्हणजे तीन वर्षांचे १२० ते १३२ आणि चार वर्षांचे १६० ते १७६. थोडक्यात तुमच्या रोजगार हमीच्या कामावरची चौकडी, मजुरीसाठी मोजायचा तो मातीचा खड्डा. जेवढी खणाल तेवढं माप. आणि मापात कुणाची किती माती धरायची यावरूनच भांडणं. अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, संख्याशास्त्र, कायदा, प्रत्येकाला आपला विषय पहिल्या सत्रात हवा, कारण पहिल्या सत्रात मुलं वर्गात असतात.

दुसरी गंमत अशी की मूल पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तर त्याला प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. कागदावर छान दिसतं. पण आखणी करताना ही अट फार छळते. पहिल्या वर्षी सगळा पाया भरायचा म्हटलं, तर वर्षाअखेर बाहेर पडणाऱ्या मुलीच्या हातात नुसता पाया राहतो, भिंत नाही. आणि मध्येच बाहेर कोण पडणार हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. घरचा पाऊस गेला किंवा स्थळ आलं की पहिल्यांदा मुलीचं शिक्षण थांबतं. म्हणून मी हट्ट धरला की पहिल्या वर्षातच तीन गोष्टी यायला हव्यात: शासन निर्णय वाचता येणं, अंदाजपत्रकातली तरतूद शोधता येणं आणि माहिती अधिकाराचा अर्ज लिहिता येणं. त्या अर्जाला दहा रुपये आणि उत्तराला तीस दिवस लागतात. सत्राच्या पहिल्या आठवड्यात टाकला तर उत्तर येऊन, किंवा न येऊन अपील करूनही, सत्र संपायच्या आत मुलांच्या हाती काहीतरी लागतं. एवढ्यावर सगळे कबूल झाले.

शासन निर्णयाचा पाठ मात्र सरळ तुमच्याकडून चोरलाय. तुम्ही जीआर खालून वर वाचायचात, आठवतं? आधी ‘प्रत’ कुणाकुणाला ते पाहायचं, म्हणजे काम कुणाच्या डोक्यावर येणार ते कळतं. मग वर जाऊन ‘वाचा’ म्हणून दिलेली जुन्या निर्णयांची यादी. आणि सगळ्यात शेवटी मधला मजकूर. मी लहानपणी म्हणायचे, अण्णा उर्दू वाचल्यासारखं उलटं वाचतात. परवा वर्गात पंचवीस पोरांना एकेक जीआर दिला आणि त्यातल्या ‘वाचा’ची शेपटी धरून मागे मागे जायला सांगितलं. एक मुलगा एका शुद्धिपत्रकावरून निघाला आणि थेट त्याच्या वडिलांच्या जन्माआधीच्या निर्णयापर्यंत पोचला. आला आणि म्हणाला, “मॅडम, नवीन असं काही नाहीच की, नुसती ठिगळं आहेत.” त्याला म्हटलं, हे तू परीक्षेत लिही.

आता खरा वाद. धोरणाच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात एक गोल चक्र असतं. समस्या दिसली, पर्याय शोधले, एक निवडला, राबवला, तपासला, पुन्हा समस्या. हॅरॉल्ड लासवेल नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९५६ साली निर्णयप्रक्रियेचे सात टप्पे मांडले, तेव्हापासून हे चक्र रूप बदलत फिरतंय. राज्यशास्त्राच्या सरांना ते पहिल्या तासाला हवं. माझं म्हणणं, तिसऱ्या सत्राआधी ते मुलांच्या डोळ्यांपुढे यायलाच नको. एकदा ते चक्र मनात बसलं की मुलांना सगळीकडे चक्रच दिसतं.

मी त्यांना रोजगार हमीचं उदाहरण दिलं. आपल्याच जिल्ह्यातलं. तासगावजवळच्या विसापूरला वि. स. पागे यांनी १९६५ साली मजुरीच्या हमीचा प्रयोग करून बघितला. मग १९७२ चा दुष्काळ पडला, आणि खडी फोडायला लाखो माणसं रस्त्यावर बसली. योजना अशी चालू, माणसं कामावर, आणि पैशाची कायमची सोय नंतर. त्यासाठी १९७५ साली व्यवसाय कर आला. कायदा झाला १९७७ साली, अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. दिल्लीला जाग येऊन देशभराचा कायदा झाला २००५ साली. म्हणजे आधी प्रयोग, मग संकट, मग अंमलबजावणी, मग पैसा आणि शेवटी कायदा. कुठल्या गोलात बसवायचं हे? सर म्हणाले, अपवाद आहे. मी म्हटलं, मग अपवादानंच सुरुवात करू.

तो व्यवसाय कर अजून माझ्या पगारातून जातो. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. पगारपत्रक दाखवून मी सार्वजनिक वित्ताचा पहिला तास घेते. शहरातल्या पगारदारानं गावातल्या मजुराच्या हमीसाठी भरायचा म्हणून हा कर सुरू झाला, हे पन्नासातल्या एकालाही ठाऊक नसतं. त्यांच्या आईवडिलांना तर नसतंच, ते सीएला विचारतात हा कशाचा कापला.

बाकीची मांडणी पटकन सांगते. पहिल्या दोन सत्रांत सूक्ष्म अर्थशास्त्र, राज्यघटना आणि मघाशी सांगितलेलं वाचन. संख्याशास्त्र दुसऱ्या आणि तिसऱ्या सत्रात, कारण त्याच्याशिवाय पुढचं मूल्यमापन नुसतं मत होतं. तिसऱ्यात दोन श्रेयांकांचा क्षेत्र प्रकल्प. मला दुसऱ्या सत्रातच पंधरा दिवस खेड्यात मुक्काम हवा होता, ते मी हरले. मुलींच्या पालकांची परवानगी, विमा, राहायची सोय, असे मुद्दे निघाले आणि सगळे खरे होते. पाचव्या सत्रात एक पेपर पाण्यावर. त्यात पुरंदरची विलासराव साळुंख्यांची पाणी पंचायत आणि आपल्या आटपाडीची पाणी परिषद. नागनाथअण्णा नायकवडींनी तेरा दुष्काळी तालुके एका मांडवाखाली बसवले तेव्हा तुम्ही मला खांद्यावर घेऊन गेला होतात असं आई सांगते. मला फक्त चिरमुऱ्याची पुडी आठवते. सहाव्या सत्रात चार श्रेयांकांचं प्रत्यक्ष कार्यालयातलं काम, एकशेवीस तास. एवढ्या तासांत पोरांकडून झेरॉक्स काढून घेतील, दुसरं काही नाही, याची मला खात्री आहे. म्हणून अट घातली आहे की प्रत्येकानं एकच नोंदवही धरायची आणि तिच्यातली एक नोंद आत कशी येते, कुणाच्या सहीसाठी किती दिवस थांबते, बाहेर कशी जाते, एवढंच लिहून आणायचं.

आई, आता तुझ्याबद्दल. संख्याशास्त्राच्या मॅडमना मी तुझ्या अंगणवाडीतल्या, पोरांच्या वजनांच्या दोन वह्यांची गोष्ट सांगितली. रागावू नकोस, तुझं नाव नाही घेतलं. एक वही वर पाठवायची आणि एक उशाखाली ठेवायची. कुपोषणाच्या तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतली मुलं जास्त दिसली की मीटिंगमध्ये ‘तुमच्याच अंगणवाडीत इतकी कशी’ असं सगळ्यांसमोर विचारायचे, आणि पुढच्या महिन्यात दोन पोरांची वजनं कागदावर पाऊण किलोनं वाढायची. तू त्या रात्री जेवली नव्हतीस हे मला आठवतं. आणि तरी उशाखालच्या वहीत खरं वजन लिहून त्या पोरांना खाऊ जास्त वाढायचीस. मॅडम गप्प झाल्या. म्हणाल्या, आम्ही मोजमापातली चूक म्हणून जे शिकवतो ते काट्याच्या चुकीबद्दल असतं. आता त्यांच्या पेपरचा पहिला धडा बदललाय. मुलं अंगणवाडीत जाऊन लटकत्या काट्यावर वजन करून आणणार, आणि मग त्याच गावाचा वर गेलेला आकडा शेजारी ठेवणार. हे मला आखणीतलं सगळ्यात मोठं यश वाटतं, आणि त्यासाठी मला काहीच भांडावं लागलं नाही.

आता अण्णा, मुद्द्याचं. चौथ्या सत्रात ‘धोरण आणि नीतिविचार’ असा चार श्रेयांकांचा पेपर आहे. बरेच जण म्हणत होते, तो आठव्या सत्रात टाका, शोभेला. मी चौथ्यात ओढला, कारण तिसऱ्या वर्षी पोरं कार्यालयात बसणार, त्याच्या आधी त्यांनी थोडं अडखळायला हवं. त्या पेपरला परदेशी उदाहरणं ढिगानं आहेत. धावत्या ट्रामची दांडी ओढायची की नाही, एक मरू द्यायचा की पाच. आपली पोरं ट्राममध्ये बसलेली नाहीत.

मला तुमची १९८३ ची डायरी हवी आहे. पाझर तलावाच्या कामावरची. दिवस भरत आलेली ती बाई तुमच्या मस्टरवर होती, आणि तुम्ही तिला बाभळीखाली बसवून हजेरी भरलीत. आठ दिवस. तपासणीला आलेल्या साहेबांनी तिची चौकडी मोजायला मागितली तर चौकडीच नव्हती, खोली मोजायला मधे सोडतात तो मातीचा खुंटसुद्धा नव्हता. तुम्हाला पंधरवडाभर घरी बसवलं. घरी आल्यावर तुम्ही आईला म्हणालात म्हणे, “साहेबाचं बरोबर होतं.”

हे वाक्य मला आजवर समजलेलं नाही. चुकीचं होतं तर आठ दिवस का केलंत? आणि बरोबर होतं तर साहेबाचं बरोबर कसं? बाकीच्या टोळीची मजुरी तिच्यामुळे कमी पडली का? मोजमाप टोळीचं होतं की एकेकाचं? तिला उन्हात खणायला लावणं नियमानं योग्य ठरलं असतं, तर नियम कुणी आणि काय समजून लिहिला? मला हे प्रश्न मुलांपुढे ठेवायचे आहेत. उत्तरासकट नाही. तुमचं ते वाक्यही ठेवायचंय, पण अगदी शेवटी, त्यांचं भांडून झाल्यावर.

गावाचं नाव, बाईचं नाव, तुमचं नाव, सगळं काढून टाकेन. घरातलं बाहेर न्यायचं नाही हा तुमचा नियम मला माहीत आहे. म्हणूनच विचारतेय, गुपचूप टाकून मोकळी होत नाही. पण एक अडचण आधीच सांगते. मुलं विचारणार, ‘मॅडम, त्या बाईचं पुढे काय झालं?’ ते डायरीत आहे का? तुम्ही कधी बोलला नाहीत.

नोकरीचं विचारलं होतंत. खरं उत्तर, अजून कुणालाच नीट ठाऊक नाही. काही जण एमपीएससीला बसतील, काही संस्थांमध्ये जातील, काही मुख्यमंत्री फेलोशिपसारख्या ठिकाणी अर्ज करतील, काही एम.ए. करून माझ्यासारखे इतरांचे अभ्यासक्रम मांडत बसतील. माहितीपुस्तिकेत ‘उज्ज्वल संधी’ असं छापायचं ठरलंय. तो परिच्छेद मी लिहिलेला नाही.

डायरी कुरिअरनं पाठवू नका. ट्रंकेत हिरव्या कापडात आहे तशीच राहू दे, दिवाळीला आले की मीच पानांचे फोटो काढून घेईन. मूळ वही घरीच. गणपतीला मात्र येणं जमेलसं दिसत नाही, विद्या परिषदेची तारीख त्याच आठवड्यात पडतेय.

आई, डोळ्यांच्या थेंबांची बाटली उघडली की महिन्याभरात टाकून द्यायची, उरली म्हणून ठेवायची नाही. मागच्या खेपेला तुझ्या फडताळात तीन अर्धवट बाटल्या होत्या, मी मोजल्यात.

अण्णा, डायरीचं नाही म्हणालात तरी चालेल. फक्त पत्रानं कळवा. फोनवर तुम्ही नुसतं ‘बघू’ म्हणता.

तुमची,
धाकटी