आधी सोने, मग रंग

महोदय,

मध्ययुगीन युरोपातील सचित्र बायबल आणि प्रार्थनापोथ्यांवरून प्रेरणा घेऊन आपल्याकडचे सुलेखनकारही आता सोनेरी आद्याक्षरे रंगवू लागले आहेत. चांगलेच आहे. पण बाटलीतल्या सोनेरी रंगाला ती झळाळी येत नाही, हे शिबिरांत कुणी सांगत नाही.

मूळ पद्धतीत चर्मपत्रावर (लिहिण्यासाठी तयार केलेल्या जनावराच्या कातड्यावर) अक्षराचा उठावदार लेप देत. पाण्यात महिनाभर रोज ढवळून मारलेले, म्हणजे पुन्हा घट्ट न होणारे, प्लास्टर ८ भाग, शिशाचा सफेदा (शिशापासूनचा पांढरा रंग) ३, साखर १, सरस १ आणि चिमूटभर लाल माती. लेप वाळला की खरवडून गुळगुळीत करायचा, त्यावर तोंडाची वाफ सोडायची, लगेच सोन्याचा वर्ख दाबायचा आणि अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायचा. सरस जास्त झाला तर लेप तडकतो. साखर हवेतला ओलावा धरते म्हणून तर वाफेने लेप चिकट होतो. पण आपल्या पावसाळ्यात तो चिकटच राहतो आणि घोटताना वर्ख सोलून निघतो. हे काम हिवाळ्यातच काढावे. सफेदा विषारी आहे, कोरडा खरवडताना मास्क हवाच.

रंग मात्र सोन्यानंतरच. आधी रंगवले तर त्यातल्या डिंकाला नको तिथे वर्ख चिकटतो.

– एक वाचक, ठाणे