हॅडिक्सचा सामना पुसला गेलेला नाही

संपादक महोदय,

बेसबॉलमधील 'परफेक्ट गेम'विषयी (ज्यात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, एकाही बॅटरला बेसवर पोहोचू देत नाही) आपल्या क्रीडा पुरवणीत आलेल्या लेखात, हार्वी हॅडिक्सचा २६ मे १९५९ चा सामना '१९९१ मध्ये नोंदींतून पुसण्यात आला' असे म्हटले आहे. लेख एरवी वाचनीय असला तरी या विधानात सामन्याचे धावपत्रक आणि विक्रमवीरांची यादी यांची गल्लत झाली आहे.

मिलवॉकीच्या काउंटी स्टेडियमवर त्या रात्री पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर हॅडिक्स याने यजमान ब्रेव्ज संघाचे ३६ बॅटर ओळीने बाद केले. सलग १२ इनिंग्ज त्याने एकालाही पहिला बेस गाठू दिला नाही. एरवी परफेक्ट गेमला नऊ इनिंग्जमधले २७ पुरतात. मात्र ब्रेव्जचा पिचर ल्यू बर्डेट याच्याविरुद्ध १२ हिट (बेस मिळवून देणारे फटके) मिळवूनही पायरेट्सना एक धाव जमली नाही आणि तेराव्या इनिंगमध्ये पायरेट्सच्या डॉन होकच्या चुकीच्या फेकीमुळे ब्रेव्जचा फेलिक्स मँटिया पहिल्या बेसवर पोहोचला. एडी मॅथ्यूजने स्वतः बाद होत 'बंट'वर (चेंडू हलकेच अडवून) त्याला दुसऱ्या बेसवर नेले, हँक आरनला मुद्दाम 'वॉक' (न खेळता पहिला बेस) देण्यात आला आणि पाठोपाठ जो ॲडकॉकने चेंडू कुंपणापार भिरकावला.

तरीही धावपत्रकात तो होम रन नाही, 'डबल' (दुसऱ्या बेसपर्यंतची हिट) आहे. चेंडू मैदानातच पडला असे समजून आरन दुसऱ्या बेसनंतर डगआउटकडे (संघाच्या बाकांकडे) वळला, मागून धावत आलेला ॲडकॉक त्याला ओलांडून पुढे गेला आणि नियमानुसार बाद ठरला. पुढे नॅशनल लीगचे अध्यक्ष वॉरन गाइल्स यांनी अधिकृत निकाल १-० असा निश्चित केला. त्यामुळे ब्रेव्जच्या ओळीत १ धाव, १ हिट, ० चुका आणि पायरेट्सच्या ओळीत ० धावा, १२ हिट, १ चूक असे आकडे आहेत. मँटियाची ती एकमेव धाव क्षेत्ररक्षणातील चुकीतून आल्यामुळे हॅडिक्सच्या नावापुढे 'अर्न्ड रन'च्या (पिचरच्या माथी मांडल्या जाणाऱ्या धावांच्या) रकान्यात शून्य आहे. क्रिकेटच्या धावफलकाची सवय असलेल्या आपल्या वाचकाला हा तक्ता परका वाटू नये, कारण बेसबॉलच्या धावपत्रकाला रूप देणारे हेन्री चॅडविक मूळचे इंग्लंडचे आणि क्रिकेटचेही वार्ताहर होते.

१९९१ मध्ये मेजर लीगच्या समितीने ठरवले ते एवढेच, की किमान नऊ इनिंग्जचा सामना संपेपर्यंत एकही हिट दिली नसेल, तरच पिचरचे नाव 'नो-हिटर'च्या यादीत राहील. या व्याख्येमुळे सुमारे ५० सामने यादीतून गळले, त्यांत हा एक. मला ही व्याख्या पटते. यादी म्हटली की कुठेतरी रेघ ओढावीच लागते, आणि ॲडकॉकची हिट झाली हे नाकारता येत नाही. परंतु त्या निर्णयाने या सामन्याच्या धावपत्रकातला एकही आकडा बदलला नाही. ब्रेव्जचे खेळाडू दुर्बिणीतून कॅचरने (बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्याने) पिचरला केलेल्या खुणा टिपत होते, हे त्यांच्याच संघातील बॉब बूल याने पुढे सांगितले. ते मात्र कोणत्याच रकान्यात बसत नाही, हा भाग निराळा.

आपण दुरुस्ती प्रसिद्ध करावी आणि शक्य झाल्यास तिच्यासोबत या सामन्याचे पूर्ण धावपत्रक छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक