मागील पडवीचे छप्पर उचलण्याच्या कामाबाबत तक्रार

दिनांक : 14 जुलै 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
घरदुरुस्ती सेवा, वडोदरा.

विषय : पडवीच्या छपराचे निकृष्ट काम, आणि त्याची भरपाई मजुरांच्या पगारातून कापण्यास माझा विरोध

महोदय,

दांडिया बाजारातील आमच्या घराच्या मागील पडवीचे छप्पर मधोमध खाली आले होते. ते उचलून पक्के करण्याचे काम मे महिन्यात मी आपल्या कंपनीकडे दिले. कोटेशन 38,000 रुपयांचे, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 44,840 रुपये. पूर्ण रक्कम आगाऊ भरली. आज ते छप्पर कामाआधी होते त्याहून खाली आहे.

याबद्दल फोन केले, ईमेल केले. शेवटी आपल्याकडून उत्तर आले, त्यात लिहिले आहे की संबंधित हेल्परांवर कारवाई झाली असून नुकसानीची रक्कम त्यांच्या मजुरीतून वळती केली जाईल. ते वाचून मला संताप आला. माझी तक्रार त्या दोन मुलांविरुद्ध कधीच नव्हती. ती आपल्याविरुद्ध आहे. म्हणून झालेला प्रकार सविस्तर लिहून काढते आहे.

पडवी साधारण 12 फूट लांब आणि 9 फूट रुंद. माझ्या आजेसासऱ्यांनी बांधून घेतलेली. ते सयाजीराव महाराजांनी 1890 साली सुरू केलेल्या कलाभवनात शिकले होते आणि सुतारकामाची त्यांना चांगली जाण होती. सागवानी तुळई, तिचे एक टोक बाजूच्या भिंतीत, दुसरे तळखड्यावर (खांबाखालच्या दगडी बैठकीवर) उभ्या खांबावर. वर वासे, रिपा आणि मंगलोरी कौले. अशा छपराचे वजन चौरस मीटरला 60-65 किलो धरतात, म्हणजे आमच्या पडवीवर सहाशे किलोंच्या वर भार आहे. इतक्या वर्षांत तुळईला मध्ये पोट आले होते आणि पन्हळीचे पाणी मुरून भिंतीतले टोक कुजले होते. दोरी ताणून पाहिली तेव्हा मध्यभागी दोन इंचांची झोळ होती. लाकडी कामाच्या भारतीय मानकात कौलांसारखे फुटणारे साहित्य वर असेल तर तुळईची झोळ लांबीच्या 360व्या भागापेक्षा जास्त चालत नाही. 12 फुटांना ती होते 10 मिलिमीटर, साधारण तीन सूत. म्हणजे काम टाळण्यासारखे नव्हतेच, आणि पावसाळ्याआधी करायला हवे म्हणूनच आम्ही घाई केली.

पाहणीला आलेल्या आपल्या माणसाला हे सगळे दाखवले होते. त्याने कोटेशनही नीट लिहून दिले: आधी कौले उतरवायची, तुळईखाली जाड फळ्यांवर टेकू द्यायचे, जॅकने रोज एक-दोन सूत याप्रमाणे टप्प्याटप्प्याने उचलायचे, कुजलेला भाग काढून दोन्ही बाजूंनी सी-चॅनल (इंग्रजी सी आकाराच्या लोखंडी पट्ट्या) नटबोल्टने आवळायचे, मध्ये एक नवा लोखंडी खांब आणि त्याला काँक्रीटचा पाया. सुपरवायझर पूर्णवेळ हजर राहील आणि एक सुतार, एक वेल्डर येईल, असेही त्यात आहे. हे वाचूनच मी काम दिले. शेजारच्या सुताराने कमी पैसे सांगितले होते, पण त्याच्याकडे माणसे नव्हती.

कामाच्या दिवशी आले दोनच हेल्पर, दाहोदकडचे. विशीच्या आतबाहेरचे असतील. सकाळी कडियानाक्यावरून, म्हणजे रोजंदारीचे मजूर उभे राहतात तिथून, उचलून आपल्या टेम्पोने त्यांना आमच्या दारात सोडले. सुतार कुठे आहे विचारले तर मोठा मुलगा म्हणाला, "मासी, अमने तो माल उपाडवा मोकल्या छे." त्यांना सामान उचलायला म्हणून बोलावले होते, छप्पर उचलायला नव्हे. मी लगेच आपल्या सुपरवायझरला फोन लावला. तो म्हणाला, मी दुसऱ्या साइटवर आहे, मुलांना समजावून सांगितले आहे, तुम्ही काळजी करू नका. पुढचे सगळे काम त्याने फोनच्या स्पीकरवरून सांगितले.

कौले उतरवलीच नाहीत. गाडीचा चाक बदलायचा जॅक सरळ कोटा फरशीवर ठेवला, वर एक बल्ली उभी केली आणि फोनवरून आदेश आला, "लेव्हलला येईपर्यंत फिरवत राहा." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. आधी फरशी तडकली. मग भिंतीतून लाकूड चिरफाळल्याचा आवाज आला, गिलाव्याचा पोपडा सुटला आणि खांब तळखड्यावरून बोटभर वर उचलला गेला. मी ओरडले तोवर वरच्या ओळीतली कौले घसरली. त्यातले एक धाकट्या हेल्परच्या खांद्यावर पडले. डोक्यावर हेल्मेट नव्हते, हातात मोजे नव्हते, पायात रबरी स्लिपर. दोन बोटे इकडे पडले असते तर काय झाले असते, हे मला आजही सहन होत नाही.

त्याला रिक्षाने सयाजी रुग्णालयात आम्ही नेले. हाड मोडले नव्हते, खांदा मात्र चांगलाच सुजला होता. आपला माणूस तेथे आला नाही. मोठा मुलगा तोवर घरी एकटा कौले सारखी करत बसला होता, कारण त्याला सांगितले होते की काम संपले नाही तर दोघांचीही हजेरी लागणार नाही.

संध्याकाळपर्यंत जे झाले त्याला काम म्हणता येणार नाही. सी-चॅनलऐवजी एका बाजूने खिळ्यांनी ठोकलेली पाइनची फळी. मधला पाईप पायाशिवाय, त्याच तडकलेल्या फरशीवर. खांब तळखड्यावर परत टेकला तो एका अंगाला सरकून, खाली पाचर मारून. टेकू काढून टेम्पोत टाकले आणि ॲपवर "काम पूर्ण" असा मेसेज आला. जून संपता संपता जोराचा पाऊस झाला, फरशीखालची भरावाची माती भिजली आणि पाईप खाली बसला. भिंतीतले टोक तर आधीच फाटले होते. आता झोळ तीन इंचांच्या वर आहे. सासूबाई दुपारी पडवीत बसत असत, ते आम्ही बंद केले आहे, आणि मागच्या दाराला कडी घातली आहे.

आपल्या उत्तरात दोन कारणे दिली आहेत. एक, लाकूड जुने असल्याने वॉरंटी लागू नाही. लाकूड जुने आहे हे आपल्या माणसाने पाहून, लिहून, त्यावरच किंमत लावली होती. नंतर मी शेजारच्या सुताराला बोलावले. त्याने पटाशीच्या टोकाने पूर्ण तुळई टोचून पाहिली. भिंतीलगतचा हातभर भाग सोडला तर पटाशी कुठेही आत जात नाही, गाभा शाबूत आहे. दुसरे कारण, उत्तरायणात लोक छपरावर चढल्यामुळे नुकसान झाले असावे. आमच्याकडे पतंग अगाशीवरून, म्हणजे गच्चीवरून, उडवतात. कौलांवर कोणी चढत नाही, चढले तर कौले तिथेच फुटतील. आणि उत्तरायण जानेवारीत झाले, आपली पाहणी मे महिन्यातली आहे.

राहिला हेल्परांचा प्रश्न. त्यांनी सांगितले तसेच केले, आणि सांगणारा जागेवर नव्हता. छप्पर उचलण्याचे काम त्यांना येत नाही हे त्यांनी लपवले नाही, दारातच सांगितले. कारागिराचे पैसे माझ्याकडून घेऊन हमालीवर आलेली पोरे पाठवायची, कोणाला लागले तर फिरकायचे नाही, आणि काम बिघडले की त्यांचीच मजुरी कापायची, याला कारवाई म्हणत नाहीत. माझ्या तक्रारीचा असा वापर झालेला मला चालणार नाही. माझ्या नावावर त्यांचा एक रुपयाही कापू नये, आणि कापला असेल तर परत द्यावा. जखमी मुलाच्या बुडालेल्या रोजांची भरपाई आपण करावी. तसे केल्याचे मला लेखी कळवावे.

छपराबद्दल माझे म्हणणे असे. आता आपल्या कंपनीने त्याला हात लावू नये. 44,840 रुपये पूर्ण परत करावेत. तडकलेली फरशी, फुटलेली कौले, भिंतीचा गिलावा आणि फाटलेले तुळईचे टोक यांचा खर्च वेगळा द्यावा, सुताराचा अंदाज सोबत जोडला आहे. छप्पर आणखी खाली येऊ नये म्हणून आम्ही स्वखर्चाने भाड्याचे लोखंडी टेकू लावले आहेत, त्याचे भाडे काम होईपर्यंत आपल्याकडे राहील.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत हे झाले नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात दावा दाखल करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हे मी माहीत करून घेतले आहे. कोटेशन, पावती, कामाच्या दिवशीचे फोटो, रुग्णालयाचा केस पेपर आणि आपला ईमेल यांच्या प्रती सोबत आहेत. यापुढे फोन करू नये, उत्तर लेखीच द्यावे.

आपली ग्राहक,
(सही)
दांडिया बाजार, वडोदरा