पुस्तक हातात तरी घेऊ द्या

मा. संपादक,

१८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर असलेल्या आपल्या कोल्हापुरात पुस्तकांची दुकानं गाइडं आणि वह्यांवर चालावीत याचं लई वाईट वाटतं. परवा एका दुकानात गेलो तर सगळी पुस्तकं काउंटरमागं, हात लावायचा नाही, नाव सांगा मग काढून देतो. अहो, नाव माहीत असतं तर मोबाइलवरच मागवलं असतं की! माणूस दुकानात येतो ते चार पानं चाळायला, बाइंडिंग बघायला, कोऱ्या कागदाचा वास घ्यायला आणि शेजारचं भलतंच पुस्तक हाताला लागतं म्हणून.

दुकानदारांनी कपाटं उघडी करावीत, दोन बाकडी टाकावीत, नवीन आलेल्या पुस्तकांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकावेत. शनिवारी संध्याकाळी पोरांना गोष्टी वाचून दाखवायला मी स्वतः येतो, फुकट.

एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर