जांघेतलं दुखणं अंगावर काढायला लावू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात अग्निवीर भरतीची बातमी आली की आमच्याकडे पहाटे चारलाच रस्त्यावर पोरं पळताना दिसतात. मी तीस वर्षं शाळेत खेळ शिकवले, त्यामुळे या पोरांचं मला मनापासून कौतुक आहे. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या भाच्याचं जे झालं, त्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

तो तालुक्याच्या ठिकाणी एका अकादमीत होता. दिवाळीपर्यंत दोन-तीन किलोमीटर पळायचा. भरती जवळ आली तसा एकदम रोज दहा-बारा पळू लागला, तेही डांबरी रस्त्यावर, तळ झिजलेल्या बुटांत. तीन आठवड्यांत डाव्या जांघेत दुखायला लागलं. "शीर धरली असंल, तेल लाव," असं त्याला सांगण्यात आलं. एक्स-रे काढला, तो नॉर्मल निघाला. मग काय, गोळी खाऊन पळणं सुरूच. एका संध्याकाळी तो अंगणात मोटारसायकलवरून उतरला, तो डावी मांडी दोन्ही हातांनी उचलूनच. ते बघून माझ्या पोटात धस्स झालं. जिल्ह्याला नेऊन एमआरआय केला, तर खुब्यात, मांडीच्या हाडाच्या मानेला, म्हणजे वरच्या गोळ्याखालच्या अरुंद भागाला, तडा.

डॉक्टरांनी समजावलं ते मी अजून प्रत्येकाला सांगत असतो. ताण वाढला की हाड आधी झिजतं आणि नंतर नवं भरतं. भरायला आठवडे लागतात. तेवढी उसंत न देता पळत राहिलं की तिथं बारीक तडा जातो. सुरुवातीच्या दिवसांत तो एक्स-रेत बहुधा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतो. मानेच्या खालच्या बाजूला असेल तर कुबड्या घेऊन, पायावर भार न देता बरा होऊ शकतो. वरच्या बाजूचा धोक्याचा, त्याला बहुतेक वेळा स्क्रू घालावे लागतात. आणि हाड सरकलं तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो गोळाच मरू शकतो. मग ऐन विशीत सांधा बदलायची पाळी. भाच्याचा तडा खालच्या बाजूला होता, म्हणून निभावलं.

कवायतीतल्या सैनिकांच्या पावलांचं असंच दुखणं प्रशियाच्या एका लष्करी डॉक्टरानं १८५५ मध्येच नोंदवून ठेवलं आहे, तेव्हा एक्स-रेही नव्हता. अमेरिकी नौदलाच्या महिला रिक्रूटांवरचा अभ्यास २००८ मध्ये आला. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यावर त्यांच्यातले असे तडे सुमारे २० टक्क्यांनी कमी झाले. सैन्यात गेल्यावर निदान डॉक्टर तरी जवळ असतो. आमची पोरं मात्र सैन्यात पोचण्याआधीच मोडतात, आणि अकादमीच्या मैदानावर बघणारं कुणी नसतं.

ती दुखणं सांगतही नाहीत. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर पूर्ण ६० गुण, एवढंच डोक्यात असतं. शिवाय लंगडला की "नाटक करतो" म्हणून हिणवायचं, ही आपल्या मैदानांवरची रीत. ड जीवनसत्त्व उन्हातून मिळतं, आणि मराठवाड्यात उन्हाला काय तोटा? पण ही पोरं अंधारात पळतात आणि दिवसभर अभ्यासिकेत बसतात. सकाळी चहा-बिस्कीट, दुपारी डब्यातली भाकरी. मुलींचं तर आणखी अवघड. खाणं तुटपुंजं आणि सराव जास्त झाला की पाळी चुकू लागते. तो हाडं कमजोर होत असल्याचाही इशारा असू शकतो, पण ते त्या कुणाला सांगणार?

माझं मागणं मोठं नाही. प्रत्येक अकादमीत आठवड्यातून एकदा प्रत्येकाला विचारा: जांघेत, खुब्यात किंवा मांडीत दुखतं का? पळताना वाढतं का? हो म्हणाला की त्याच दिवशी पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडे. एका पायावर उड्या मारायला लावून मैदानावर खात्री करत बसू नका, तडा असेल तर त्यानंच हाड सरकायचं. एक्स-रे नॉर्मल आला आणि दुखणं तसंच राहिलं, तर एमआरआय. तो जिल्हा रुग्णालयांतून या पोरांना मोफत व्हावा, कारण त्याचे काही हजार रुपये ऐकूनच बाप गप्प बसतो. अकादम्यांची नोंदणी करताना ही विचारपूस सक्तीची करावी, अशी पालकमंत्र्यांनाही विनंती आहे.

आणि आपल्याकडे एक मागणं: यापुढे भरतीच्या तारखा छापाल तेव्हा त्याच चौकटीत जांघेतल्या दुखण्याच्या दोन ओळी छापा. ती चौकट पोरं कापून खिशात ठेवतात.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, जि. बीड