'हे कधीपासून?' एवढे तरी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उतारवयातील माणूस संशयी, हेकट किंवा शीघ्रकोपी दिसू लागला, की 'वय झाले, चालायचेच' म्हणून आपण विषय संपवतो. ही समजूत किती महागात पडते, ते आमच्या घरात अनुभवले, म्हणून हे पत्र.

माझी आत्या शिवाजी पेठेत राहते. कपाटाच्या किल्ल्या पदराच्या गाठीत आणि एखादी वाटी दिसली नाही की कामवाल्या बाईवर चोरीचा आळ, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. तिने दुखावलेल्यांची समजूत घालायला तिचे यजमान संध्याकाळी स्वतः त्यांच्या घरी जात. ते वारले आणि हे सांभाळून घेणारे कोणी उरले नाही. वर्षभरात सुनेशी अबोला झाला, शेजारी तुटले. विसराळूपणाची सुरुवात समजून तिला झोपेच्या गोळ्या मिळाल्या आणि त्या गुंगीत ती न्हाणीघरात पडून खुब्याचे हाड मोडून बसली. पुढे एका मानसोपचारतज्ज्ञांनी माझ्या वडिलांना शेजारी बसवून विचारले, "हे कधीपासून?" वडील म्हणाले, "लग्नाच्या आधीपासून."

निदानाची दिशा त्या उत्तराने बदलली: हा विसराळूपणा नव्हे, तर व्यक्तिमत्त्व विकार, म्हणजे स्वतःला व इतरांना त्रासदायक ठरणारी स्वभावाचीच घडण. व्यक्तिमत्त्व विकाराची मुळे बहुधा तारुण्यातच असतात. नोकरी, जोडीदार, प्रकृती हे आधार सुटले, की तो म्हातारपणी उघडा पडतो. याउलट, जन्मभर शांत असलेला माणूस साठीनंतर एकाएकी बदलला, तर स्मृतिभ्रंश, पक्षाघाताचा सौम्य झटका, थायरॉईड, बी-१२ची कमतरता किंवा नवे औषध यांची तपासणी आधी व्हायला हवी. ऐकू कमी येण्यानेही संशय बळावतो, हे तर घरच्यांच्या ध्यानातही येत नाही.

मूळ स्वभाव बदलणारी गोळी नाही. सोबतच्या नैराश्यावर वा चिंतेवर मात्र औषधे आहेत, आणि खरे काम नियमित समुपदेशनाने व घरच्यांना शिकवण्याने होते. आत्याच्या आरोपांवर वाद न घालता सर्वांनी एकच शांत उत्तर द्यायचे, हे आम्ही शिकलो. स्वभाव तोच आहे, पण सून आता रोज तिच्यासोबत जेवते.

मानसोपचार म्हटले, की आपल्याकडे अजून रत्नागिरीचे मनोरुग्णालय आठवते आणि घरचे मागे सरतात. वास्तविक मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार शासकीय सेवेत हे उपचार मिळणे हा हक्क आहे आणि 'टेली-मानस' या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही सल्ला मिळतो. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयासह तालुक्याच्या रुग्णालयांतही ज्येष्ठ रुग्णाला झोपेची गोळी लिहून देण्यापूर्वी, त्याला तरुणपणापासून ओळखणाऱ्या नातेवाइकाची हकिगत केसपेपरवर नोंदवली जावी, एवढी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर